पोपटी इरकल आणि निरपराध उंदीर

प्रिय अक्का,

सापडलीस!

इतकी वर्षं लपवून ठेवलंस, दीड वर्षापूर्वी निघताना ते सोबत घेऊन गेलीस, आणि तुला वाटलं असेल की आता सुटले. पण काल दुपारी तुझ्याच घरात, तुझ्याच फरशीवर बसून मला सगळं कळलं. तेव्हापासून माझ्या पोटात मावत नाहीये. तुझ्या गौरीला सांगावं तर बाळंतपणात तिचं ऑपरेशन झालंय, तिला हसवायची सोय नाही. दाजींना सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांना ते माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. मग उरलं कोण? तूच. म्हणून हा कागद घेऊन बसलेय.

उद्या बारसं आहे. हो गं, तू आजी झालीस. मुलगी आहे. कपाळ तुझं, कान दाजींचे, आणि आवाज कुणाचा ते देव जाणे, रडायला लागली की वरचे भाडेकरू जिन्यात येऊन उभे राहतात. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेत. पाळणा धुऊन गच्चीत वाळत ठेवलाय. आणि माझ्या मांडीवर या क्षणी एक दुपटं आहे, मी शिवलेलं.

परत वाच हवं तर. मी शिवलेलं, सुमीनं. फक्त एक कोपरा उघडा ठेवलाय, तो का ते शेवटी सांगते.

आता डोळे वटारू नकोस. तुला आठवतं का, लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेरपणाला आली होतीस आणि अव्वाच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली होतीस? मी शाळेतून आले, दप्तर फेकलं आणि मलाही सुई दे म्हणून तुझ्यामागे भुणभुण लावली. तू मला एका कोपऱ्याला बसवलंस. दिवेलागण होईपर्यंत मी मान वर केली नाही. बोटं टोचली, चोखली, पुन्हा टाके घातले. मला वाटत होतं, हा कोपरा बघून अक्का मला जवळ घेईल.

तू हात फिरवलास, सुईच्या टोकानं एक टाका उचललास, मग दुसरा. आणि माझी अख्खी दुपार उसवून टाकलीस.

मग म्हणालीस, "सुमे, तुज्या हाताला टाका न्हाय बग. तू आपली साळा शीक."

तुझ्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट झालं. रागावली असतीस तर मी भांडले असते, रुसले असते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई घेतली असती. पण तू आज उपास आहे म्हणावं तितक्या सहज म्हणालीस, आणि मला ते खरंच वाटलं. मग मी शिकले. सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर अख्खी नोकरी काढली. ब्लाउजचा एक हूक तुटला तरी पिशवीत घालून तुझ्याकडे यायचे. दाजी शिंपी असलेल्या घरात मेहुणीला सुई धरता येत नाही, यावर तुम्ही दोघं किती हसायचात. मीही हसायचे. काय करणार?

तर झालं असं. गौरी बाळंतपणाला पुण्याहून यायच्या आधी तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, आईनं माझ्यासाठी शिवलेलं दुपटं पार विरलंय. बाळाला तसंच एक तू शिव."

"मी? अगं, मला दोरा ओवायला चष्मा लागतो आणि पुढचं काहीच येत नाही. इथं सोलापुरात, नव्या पेठेत इतकी छान मिळतात..."

"विकतचं नको. आईच्या बहिणीच्या हातचं हवं."

फोन ठेवला आणि मी विचारात पडले. तुझ्या हातच्या वाकळी या घरातल्या प्रत्येकानं पांघरल्या. तू कुणाला शिकवलं नाहीस, म्हणजे शिकवलंस पण टिकू दिलं नाहीस, हे आता मोकळेपणानं बोलते. गौरीनंही एकदा प्रयत्न केला होता, तिचीही दुपार उसवली गेली होती. मी नाही म्हटलं असतं तर तुझ्याबरोबर या घरातली सुई संपली असती. आणि हो म्हटलं तर पाळण्यात सगळ्या बायकांदेखत काय अंथरलं जाईल, त्याची कल्पनाही करवत नव्हती.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते अजून कळलेलं नाही.

तुझ्या घरी राहायला आले. माळ्यावरची तुझी पत्र्याची पेटी खाली काढली. काय गं ती पेटी! दाजींच्या दुकानातल्या गणवेशांच्या चिंध्या, खाकी, पांढऱ्या, गडद निळ्या, लाल-काळ्या चौकडीच्या. अर्ध्या सोलापूरच्या शाळा तू घडी घालून ठेवल्या होत्यास. तळाशी गौरीचं जुनं दुपटं होतं. ते काढलं, मापासाठी जमिनीवर पसरलं, उलटं-सुलटं करून बघितलं. उलट्या बाजूला मधोमध नाही आणि कडेलाही नाही, अशा भलत्याच जागी एक पोपटी तुकडा होता. मला वाटलं, तुझी काहीतरी हौस. हा तुकडा लक्षात ठेव.

दाजींचं सांगायचं तर, तू गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. मशीन घरी आणून ठेवलंय, त्यावर चादर टाकलीय. दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसतात. चहा दिला की पितात, ताट वाढलं की जेवतात. "व्हय", "न्हाय" आणि "असू दे" यांवर त्यांचा दिवस भागतो. नात झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत खुर्चीत जाऊन बसले. गौरी त्या दिवशी खूप रडली.

मी आपली त्यांच्यासमोर फरशीवर बसून शिवत होते. ते बघत होते की नाही, कळत नव्हतं.

पहिल्या ओळी काय सांगू! सांगोल्याच्या बाजारात शेळ्यांचा दोर सुटावा तसे टाके. एक इकडे, एक तिकडे, दोन एकमेकांना चिकटून. पण अक्का, तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर काय होतं, ते तू मला कधी बोलली नव्हतीस. हाताला आपोआप एक चाल सापडते. खाली, वर, खाली, वर, मग ओढ. डोक्यातला गलका शांत होतो. निवृत्तीनंतर सकाळी साडेनऊला मला उगाच कासावीस व्हायचं, ते थांबलं. इतकी मजा एकटीनं करत होतीस होय?

बाळ झालं, आणि टेंभुर्णीहून गौरीच्या सासूबाई नात बघायला आल्या. माणूस मोठ्या मनाचं, पण जिभेला लगाम नाही. नातीची दृष्ट काढली, चहा घेतला, आणि मग माझं जवळजवळ पुरं झालेलं दुपटं उचलून, तू उचलायचीस तसंच, आधी उलटं केलं.

"हे कुनी शिवलं म्हनायचं?"

"मी," म्हटलं.

"टाकं कसं पळत्यात बगा की विहीणबाई, कुत्रं मागं लागल्यागत." मग बोट फिरवत म्हणाल्या, "आन् ह्या गाठी वरच्या अंगाला? लेकराच्या पाटीला टोचत्याल की. हे निळं टेरीकॉट हाय, सोलापूरच्या उन्हात लेकरू घामानं निथळंल. आन् रंग तरी कसलं लावलंय वं, शाळा सुटल्यावानी!"

मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. भांडी आपटणं हा आपल्या घराण्याचा वारसा, तो मी जपलाय. पण डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. साठी गाठलेली बाई, निवृत्तीवेतन घेणारी, आणि ओट्याला टेकून अकरा वर्षांच्या पोरीसारखी रडत होते. कानात विहीणबाईंचा आवाज नव्हताच, तुझा होता.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेत गेले आणि मऊ, गुबगुबीत, सशांची चित्रं असलेलं विकतचं पांघरूण घेऊन आले. गौरीनं ते हातात घेतलं आणि पाळण्याच्या पायथ्याशी ठेवून दिलं. मग माझं दुपटं ओढलं आणि बाळाला त्यावर निजवलं.

"अगं, ते पायपुसणं करायचंय," मी म्हटलं.

"करू," ती म्हणाली, "आधी तिला झोपू दे."

झोपली नाही ती. चुळबुळ करत राहिली. उचलून बघितलं तर पाठीवर इवलासा लाल ठिपका उमटलेला, गाठीएवढा.

अक्का, विहीणबाई बरोबर होत्या! त्या मला टोचत नव्हत्या, माझी गाठ बाळाला टोचत होती, आणि मी स्वतःच्याच मनाची मलमपट्टी करत ससे विकत आणत होते.

मग मला माझी कचेरी आठवली. दरवर्षी ऑडिटवाले यायचे, हरकती काढायचे, आणि नवी पोरं रडकुंडीला यायची. मी त्यांना सांगायचे, "हरकत कागदावर असते, तुमच्यावर नसते. प्रत्येकीला उत्तर द्या, मान्य की अमान्य, आणि का ते लिहा." अर्ध्या कचेरीला मी हे शिकवलं. सुईच्या बाबतीत मात्र मला एकच हरकत ठाऊक होती, हाताला टाका नाही, आणि तिला उत्तर द्यायचं असतं हे कधी सुचलंच नव्हतं.

दुपटं पुढ्यात घेतलं. गाठी वर आल्यात, मान्य, शंभर टक्के. टेरीकॉट मान्य, तो निळा तुकडा त्याच दुपारी काढला आणि तिथं पांढरं सुती लावलं. टाके पळतात? मी प्रत्येक ओळ जोर लावून ओढून बघितली. पळतात, पण सुटत नाहीत. निम्मं मान्य. आणि रंग शाळा सुटल्यासारखे? अमान्य! हे बाळ शिंप्याची नात आहे, तिच्या पांघरुणात शाळा सुटणारच.

गाठींचं काय करायचं ते मात्र येत नव्हतं. मग मी काय केलं सांगू? विहीणबाईंनाच फोन लावला.

"विहीणबाई, गाठ लपवायची कशी?"

त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी रुसलासा."

"रुसले होते. पण गाठ टोचली."

त्या इतक्या खूश झाल्या म्हणून सांगू. लगेच म्हणाल्या, व्हिडिओ लावा. लावला, तर मला नुसता त्यांच्या घरचा पंखा दिसतोय. "अहो, हात दिसत नाहीत तुमचे!" "दिसत्याल की, थांबा जरा," असं करत शेवटी त्यांची सुई दिसली. सुई दोन थरांच्या मधून घालायची आणि दोरा हलकेच ओढायचा. गाठ कापडाला अडते, आणखी थोडं ओढलं की टक् करून आत जाते. तो आवाज, अक्का! तू तो आयुष्यभर ऐकलास आणि कुणाला बोलली नाहीस? मी त्या दिवशी एकेक गाठ आत घालत बसले आणि प्रत्येक टक् ला गौरीला हाक मारून सांगत होते. शेवटी ती म्हणाली, "मावशी, कळलं गं."

विहीणबाईंना दुपटं पुन्हा दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आता ब्येस हाय. पर टाकं पळत्यातच."

"पळू देत," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी हसलो. तुला सांगते, मला अजिबात लागलं नाही.

आता कालचं. बारशाच्या तयारीला चार बायका येणार होत्या, म्हणून मी तुझी जांभळी इरकल नेसले होते. माझ्या निवृत्तीला तू घेतलेली, एकदाच नेसलेली. हरभरे निवडून झाले, बाळ झोपलं, आणि मी म्हटलं बायका यायच्या आत शेवटची ओळ घालून टाकू. मांडीवर दुपटं पसरलं, हाताला चाल सापडली. काय सुंदर ओळ जात होती गं! एकसारखी, सरळ. मी मनातल्या मनात विहीणबाईंना दाखवत होते. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली, मी उठले, आणि माझ्याबरोबर दुपटंही उठलं.

मी ओढलं, ते येईना. झटकलं, तरी पडेना. अख्खी ओळ मी दुपट्यासकट माझ्या साडीवर घातली होती. आयुष्यातली एकुलती एक सरळ ओळ, आणि ती इरकलीला!

घंटा पुन्हा वाजली. बाहेरून हाका. मी फरशीवर दुपटं पोटाशी धरून उभी, घाईघाईत नखानं टाका उचकटतेय, आणि माझ्याच गाठी आत पक्क्या बसलेल्या, एक निघेल तर शपथ.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ए सुमे, थांब. हलू नको."

दाजी होते. मशीनच्या खणातली मोठी कात्री घेऊन आले आणि माझ्या पायाशी गुडघे टेकून बसले. "उसवत बसू नको. हिकडून कापतो मी. साडीला भोक पडंल, पर दुपटं वाचंल." इतकं सलग बोलताना मी त्यांना दीड वर्षात ऐकलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत कात्री चाललीसुद्धा. साडीचा तुकडा दुपट्याला चिकटून राहिला आणि मी मोकळी झाले.

मग ते तसेच बसून राहिले. खांदे हलायला लागले. मी घाबरले, वाटलं रडतायत. वाकून बघितलं तर हसत होते. आवाज न करता आधी, आणि मग मोठ्यानं, छाती भरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून गौरी विचारतेय, काय झालं, बाहेर बायका दार वाजवतायत, आणि हे फरशीवर कात्री धरून हसतायत.

"तिनंबी हेच केलं हुतं," म्हणाले.

"कुणी?"

"तुज्या अक्कानं. गौरीच्या बारशाला. हितंच, ह्याच घरात."

मी कसंबसं दार उघडलं, बायकांना स्वयंपाकघरात पिटाळलं, साडीच्या भोकावर हात धरून परत आले, आणि दाजींनी मला सगळं सांगितलं.

लग्नानंतर किती वर्षांनी झालेली गौरी. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, मी स्वतः त्या गर्दीत होते. आणि तू आतल्या खोलीत दार लोटून दुपट्याची शेवटची ओळ संपवत बसली होतीस, अंगावर दाजींनी खास त्या दिवसासाठी घेतलेली पोपटी इरकल. तुझ्या सासूबाईंनी हाक मारली, तू उठलीस, दुपटंही उठलं. तू दाराच्या फटीतून दाजींना हाक मारलीस, "अवो, कात्री घेऊन या, आन् तोंड बंद ठेवा."

आणि मग तू दुसरीच साडी नेसून बाहेर आलीस. सगळ्यांनी विचारलं, पोपटी इरकल कुठं गेली? तू शांतपणे म्हणालीस, "उंदरानं कुरतडली. कोपऱ्यात ज्वारी हुती, तिच्या वासानं आला आसंल."

अक्का, मी त्या उंदरासाठी पिंजरा लावला होता! तुझी नवी साडी गेली म्हणून मला इतकं वाईट वाटलं की बारसं झाल्यावर मी शेजारून पिंजरा मागून आणला, त्यात भज्याचा तुकडा अडकवला, आणि सकाळी त्यात एक उंदीर सापडलासुद्धा. बिचारा. त्यानं काही केलं नव्हतं. मी त्याला पिशवीत घालून पार मोकळ्या माळावर सोडून आले, वाटेत त्याला शिव्या देत. आणि तू दारात उभी राहून, तोंडावरची रेघ न हलवता, म्हणाली होतीस, "लांब सोड गं, परत यायचा."

काय काळीज म्हणायचं हे!

पेटीतलं जुनं दुपटं आणलं. उलटं केलं. तो पोपटी तुकडा. ठिगळाच्या कडा तू नेहमी आत दुमडायचीस, एक धागा बाहेर दिसू द्यायची नाहीस. याच्या कडा कात्रीनं जशा कापल्या गेल्या तशाच होत्या. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला हौस म्हणत होते.

खूप हसलो आम्ही. आणि मग मला रडू आलं, तेही सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं.

मला का नाही सांगितलंस? एकदा, फक्त एकदा, ते दुपटं माझ्यासमोर उलटं केलं असतंस आणि म्हणाली असतीस, सुमे, हे बघ माझी अक्कल. मी त्याच दिवशी सुई घेतली असती गं. आपण दोघी दुपारी समोरासमोर बसलो असतो. एक वाकळ तू एका कडेनं, मी दुसऱ्या कडेनं. किती वाकळी झाल्या असत्या? किती गप्पा झाल्या असत्या? तू माझी एक दुपार उसवलीस, अक्का, पण त्यामागं आपल्या दोघींच्या किती दुपारी गेल्या.

हे सगळं मी दाजींना मोठ्यानं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी म्हनलं हुतं तिला, सांग सुमीला. तर म्हनाली, ती हापिसात सगळ्यांना सांगत सुटंल."

ते खरंय. मी सांगितलंच असतं. डबा खाताना, रंगवून रंगवून.

"आन् अजून एक म्हनायची." दाजी कात्रीकडं बघत होते. "म्हनायची, मीच तिला टाका न्हाय म्हनलं लहानपनी. आता कुटल्या तोंडानं सांगू, माजाबी पळतो म्हनून."

म्हणजे तुला आठवत होतं. मला वाटायचं, तू बोलून विसरून गेलीस, आणि मीच तेवढी ते उराशी धरून बसलेय. तू पण धरून बसली होतीस होय?

जाऊ दे. आता मला राग नाही. कालपासून तर मला तू जास्तच आवडायला लागलीयस. ज्या अक्काचा एक टाका चुकत नाही तिच्या मी पाया पडायचे. जी अक्का स्वतःच्या साडीला दुपटं शिवते आणि आळ उंदरावर घालते, तिच्या गळ्यात पडावंसं वाटतं. पण आता गळा कुठाय?

अजून एक राहिलंच. संध्याकाळी मला मशीनचा आवाज आला. मी धावत पुढच्या खोलीत गेले. दाजींनी चादर काढली होती, धूळ पुसली होती, तेल घातलं होतं. त्यांच्या कपाटाच्या तळातून तुझी पोपटी इरकल काढली होती, भोकासकट. तिचा एक चौकोन कापून ते माझ्या जांभळ्या साडीच्या भोकाला ठिगळ लावत होते. मला बघून म्हणाले, "रंग मेळ खात न्हाय. विहीणबाई बोलत्याल."

"बोलू देत," मी म्हटलं.

उद्या मी तीच साडी नेसणार आहे. जांभळ्या साडीवर पोपटी ठिगळ, अगदी समोर, निऱ्यांजवळ.

दुपट्यावर माझा जांभळा तुकडा आहे तसाच ठेवलाय. उद्या विहीणबाई ते उलटं करतील, हे उगवत्या सूर्याइतकं नक्की आहे. विचारतील, हे जांभळं काय? मी सगळ्या बायकांदेखत सांगणार आहे, मी माझ्या साडीला शिवलं होतं, कापून काढावं लागलं. उंदराचं नाव मी घेणार नाही. त्या जातीवर आपल्या घरानं पुरेसा अन्याय केलाय.

तुझं गुपित मात्र उद्या फोडणार नाही. तुझ्या नातीच्या बारशात तुझी फजिती नको. पण एक वचन देते. ही पोर मोठी होईल, एखाद्या दुपारी माझ्याकडे सुई मागेल. तिचा पहिला टाका वाकडा जाईल, जाणारच, रक्त आपलं आहे. त्यातला टोचणारा असेल तेवढाच मी तिला दाखवीन आणि तिचा तिलाच काढायला लावीन. बाकी एकालाही हात लावणार नाही. आणि त्याच दुपारी, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, तुझं दुपटं काढून तिच्यापुढे उलटं करीन आणि तो पोपटी तुकडा तिच्या बोटाखाली देईन. म्हणेन, ही बघ तुझी आजी.

आता तो उघडा कोपरा. शिवून झालेल्या पांघरुणाच्या शेवटच्या कोपऱ्यात तू ज्वारीचे चार दाणे घालायचीस, उपाशी पांघरूण लेकराला झोपू देत नाही म्हणून. तुझ्या डब्यातली ज्वारी काढून ठेवलीय. दाजी म्हणाले, तो कोपरा मी धरतो, तू शिव. ते समोर येऊन बसलेत. सुई ओवून झालीय. थांबते.

तुझी,
पोपटी ठिगळाची सुमी